पॉट्सव्हिल मरून्स आणि १९२५चं विजेतेपद : नेमकं काय घडलं होतं?

फिनिक्सकर

नमस्कार मंडळी,

आम्ही फिनिक्सला राहतो, म्हणजे घरात अमेरिकन फुटबॉलमधल्या ॲरिझोना कार्डिनल्सशिवाय दुसऱ्या संघाचं नाव काढायची सोय नाही. मुलगा नववीत आहे आणि शाळेच्या प्रकल्पासाठी त्याने याच संघाचा इतिहास निवडलाय. कार्डिनल्स शिकागोचे, १९६०मध्ये सेंट लुइसला गेले, १९८८मध्ये इकडे आले, इथपर्यंत सरळ आहे. एवढ्या वर्षांत विजेतेपदं दोनच, १९२५ आणि १९४७. पण १९२५च्या पुढे बघावं तिथे 'वादग्रस्त' लिहिलेलं. पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सव्हिल नावाच्या खाणीच्या गावातला संघ शिकागोत येऊन कार्डिनल्सना २१-७ असा हरवून गेला, तरी विजेते मात्र कार्डिनल्सच!

पोरगा मला विचारतो, "बाबा, हरलेला जिंकला कसा?" मला सांगता येईना. फिलाडेल्फियात एक सामना खेळल्याबद्दल पॉट्सव्हिलला शिक्षा झाली असं वाचलं. त्यात गुन्हा काय होता? आणि हा खरोखरच खाण कामगारांचा संघ होता, की ती नंतर रंगवलेली गोष्ट? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

बल्लारपूरकर

फिनिक्सकर, विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. माझं लहानपण वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीच्या) कॉलनीत गेलं आणि आता नोकरी पेनसिल्व्हेनियात, बंद पडलेल्या खाणींच्या जमिनी पूर्ववत करायच्या कामात. पॉट्सव्हिल ज्या स्कूलकिल काउंटीत आहे तिथे सतत जाणं असतं. आजोबांनी पाहिलेला सामना तिथे नातू बारकाव्यांसकट सांगतो.

मुलाला आधी एक गोष्ट सांगा : १९२५ची एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आजच्यासारखी नव्हती. लीग १९२०मध्ये ओहायोतल्या कँटनला सुरू झाली, म्हणजे जेमतेम पाच वर्षांची. संघ वीस. प्ले-ऑफ नाहीत, अंतिम सामना नाही, सगळ्यांना बांधणारं वेळापत्रकसुद्धा नाही. मालक आपापसात पत्रं नि तारा पाठवून सामने ठरवायचे. त्या वर्षी फ्रँकफर्डचा संघ २० सामने खेळला आणि दुलुथचा ३. विजेता ठरायचा टक्केवारीवर, बरोबरीत सुटलेले सामने हिशोबातून वगळून, आणि त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं मालकांच्या बैठकीत. सगळा घोळ इथून सुरू होतो.

आता पॉट्सव्हिल. लोकवस्ती तेव्हा २२ ते २४ हजारांच्या दरम्यान. आजूबाजूला अँथ्रासाइट कोळशाच्या खाणी, आणि प्रत्येक खाणवस्तीचा आपला फुटबॉल संघ. १९२४मध्ये तिथे अँथ्रासाइट लीग नावाची स्थानिक स्पर्धा झाली. कोलडेल, शेनांडोआ, गिल्बर्टन, विल्क्स-बॅरी हे त्यातले बाकीचे संघ. पॉट्सव्हिलने ती जिंकली. संघाचे मालक डॉ. जॉन स्ट्रीगल हे गावातले शल्यविशारद. मरून रंग आला तो जो झॅको या क्रीडासाहित्याच्या दुकानदाराकडून मागवलेल्या जर्सींमुळे. हे झॅको नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. १९२५मध्ये डॉक्टरांनी संघ एनएफएलमध्ये नेला.

खाण कामगारांचा संघ ही गोष्ट अर्धी खरी आहे. प्रशिक्षक डिक राऊच पेन स्टेट विद्यापीठाचे. चार्ली बेरी आणि जॅक अर्न्स्ट लफायेट कॉलेजचे. वॉल्टर फ्रेंच वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीकडून खेळलेला आणि उन्हाळ्यात फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडून बेसबॉल खेळणारा. म्हणजे बरेचसे खेळाडू कॉलेजात घडलेले आणि पैसे मोजून आणलेले. पण टोनी लटोन मात्र अस्सल खाणीतला. लिथुआनियन कुटुंबातला मुलगा, वडील गेल्यावर पोरवयातच खाणीत उतरलेला, कॉलेजचं तोंडही न पाहिलेला. कोळशाच्या गाड्या ढकलून त्याच्या मांड्या तशा झाल्या असं तिथले लोक सांगतात, आणि मला ते पटतं. भरलेली गाडी चढावर ढकलायची तर कंबर खाली, मान पुढे आणि सगळा जोर मांड्यांतून काढावा लागतो. लटोन चेंडू घेऊन बचावाच्या भिंतीत शिरायचा तो अगदी तसाच. जुन्या वर्तमानपत्रांतली वर्णनं जमवून नंतर जे आकडे काढले गेले, त्यांनुसार विसाच्या दशकात चेंडू घेऊन सर्वांत जास्त यार्ड धावलेला खेळाडू हाच. त्या काळी सर्वांत गाजलेल्या रेड ग्रेंजपेक्षाही जास्त.

आणि एक गोष्ट फार कुणी सांगत नाही, तिच्याशिवाय हे वर्ष समजत नाही. १ सप्टेंबर १९२५ला अँथ्रासाइटच्या खाणींत संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर, सगळ्या खाणी बंद, आणि हे चाललं फेब्रुवारी १९२६पर्यंत, तब्बल १७० दिवस. म्हणजे पॉट्सव्हिलचा आख्खा हंगाम संपात गेला. घरात पगार नाही, हिवाळा तोंडावर, उधारीवर किराणा, आणि दर रविवारी मिनर्सव्हिल पार्कवर संघ जिंकतोय. संपाचे दिवस मी लहानपणी कॉलनीत पाहिलेत. अशा वेळी माणसं कशाला धरून राहतात ते मला माहीत आहे. त्यामुळे 'एका छोट्या गावाची जुनी रड' असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

आता 'दर रविवारी' का, ते सांगतो, कारण फिलाडेल्फियाचं प्रकरण तिथे जोडलेलं आहे. पेनसिल्व्हेनियात रविवारी खेळांना कायद्याने बंदी होती. फिलाडेल्फियात ती पाळली जायची, म्हणून तिथला फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स हा संघ घरचे सामने शनिवारी खेळायचा. खाणपट्ट्यात मात्र तो कायदा कुणी मनावर घ्यायचं नाही. साहजिकच बाहेरून आलेला संघ शनिवारी फ्रँकफर्डशी खेळे आणि रविवारी रेल्वेने वर येऊन पॉट्सव्हिलशी. एका प्रवासात दोन सामन्यांचे पैसे. दोन्ही यजमानांचा फायदा, आणि दोघांत हाडवैर! १४ नोव्हेंबरला फ्रँकफर्डने पॉट्सव्हिलला २०-० हरवलं. २९ नोव्हेंबरला पॉट्सव्हिलने परतफेड केली, ४९-०. छापण्यातली चूक नाही, एकोणपन्नास-शून्यच.

मग ६ डिसेंबर. शिकागोचं कोमिस्की पार्क, बर्फ, हाडं गोठवणारी थंडी. कार्डिनल्सकडे पॅडी ड्रिस्कॉलसारखा खेळाडू. निकाल तुम्हाला माहीत आहेच. त्या संध्याकाळी हिशोब असा होता : पॉट्सव्हिल १० विजय, २ पराभव. कार्डिनल्स ९ विजय, २ पराभव, १ बरोबरी. टक्केवारी ८३.३ विरुद्ध ८१.८. शिकागोच्या वर्तमानपत्रांनीही पॉट्सव्हिललाच विजेते म्हटलं.

पण हंगाम कागदोपत्री २० डिसेंबरपर्यंत होता. कार्डिनल्सचे मालक ख्रिस ओब्रायन यांनी घाईघाईत आणखी दोन सामने ठरवले. १० डिसेंबरला मिलवॉकी बॅजर्सना ५९-० आणि १२ डिसेंबरला हॅमंड प्रोजना १३-०. दोन्ही संघांनी हंगाम जवळपास गुंडाळला होता. मिलवॉकीला खेळाडूच जमेनात, तेव्हा कार्डिनल्सच्याच आर्ट फोल्झने शिकागोच्या एंगलवूड हायस्कूलमधली चार पोरं खोट्या नावांनी त्यांच्याकडून उतरवली. शाळकरी पोरं! तुमच्या मुलाच्या आसपासच्या वयाची. कार्डिनल्सचा आकडा झाला ११-२-१, टक्केवारी ८४.६.

त्याच १२ तारखेला पॉट्सव्हिलचा संघ फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंविरुद्ध उतरला. समोर 'फोर हॉर्समेन' : स्टुलड्रेहर, मिलर, क्रॉली, लेडन. १९२४मध्ये अख्ख्या देशात गाजलेली चौकडी. त्या काळी लोकांच्या लेखी खरा फुटबॉल कॉलेजचा, व्यावसायिक म्हणजे पैशासाठी खेळणारे दुय्यम गडी. लेडनच्या टचडाउनमुळे (सहा गुण, वर किकचा एक) नोत्र दाम ७-० पुढे गेलं. मग लटोनने टचडाउन केलं, पण त्यापुढचा एका गुणाचा किक बेरीकडून हुकला. ७-६. शेवटच्या मिनिटांत त्याच बेरीने फील्ड गोल (तीन गुणांचा किक) मारला. ९-७.

फ्रँकफर्डचा सामना त्याच दिवशी त्याच शहरात होता. त्यांनी तक्रार केली. लीगचे अध्यक्ष जो कार यांनी पॉट्सव्हिलला निलंबित केलं आणि संघाचा परवाना काढून घेतला.

नियमाप्रमाणे

बल्लारपूरकर, माहिती उत्तम, पण तुम्ही कार यांची बाजू दोन ओळींत उरकलीत. ते बरोबर नाही.

प्रत्येक संघाला आपल्या शहराचं क्षेत्र राखून दिलेलं होतं. त्या हद्दीत दुसऱ्या संघाने परवानगीशिवाय खेळायचं नाही. हे आपल्याकडच्या केबलवाल्यांच्या एरियासारखं आहे : एकदा कुणीही कुठेही तारा ओढायला लागला की धंदाच बसतो. लीगमधले बरेच संघ पैशाच्या अडचणीत होते. शनिवारच्या तिकिटांवर जगणाऱ्या फ्रँकफर्डच्या दारात येऊन त्याच दुपारी फोर हॉर्समेनचा सामना लावायचा, म्हणजे त्यांच्या पोटावर पाय. कार यांनी तीनदा बजावलं होतं की खेळू नका, खेळलात तर शिक्षा होईल. तरी डॉक्टर खेळले. मग अध्यक्षांनी काय करायचं होतं?

दुसरं, निलंबन बाजूला ठेवलं तरी टक्केवारी कार्डिनल्सचीच जास्त होती. जादा सामने खेळायला नियमाने मनाई नव्हती. तुम्ही स्वतःच आकडे दिलेत. मग 'हिसकावून घेतलं' म्हणायला आधार काय?

मेधा_फिली

फिलाडेल्फियातून थोडी भर घालते. रविवारच्या खेळांवरची ती बंदी १९३३मध्ये मतदानाने उठली आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाचा आजचा संघ ईगल्स सुरू झाला. फ्रँकफर्डचा संघ १९२६मध्ये विजेता झाला, पण मंदीत १९३१ला बंद पडला. शाइब पार्कही आता नाही, त्या जागी मोठं चर्च आहे. तिथून जाताना मी मुलींना सांगते की फोर हॉर्समेनना खाणपट्ट्यातल्या संघाने इथे हरवलं होतं.

एक प्रश्न मलाही आहे. डॉक्टरांना परवानगी मिळाली होती असं इकडचे लोक छातीठोकपणे सांगतात. ते खरं आहे का?

बल्लारपूरकर

मेधाताई, डॉ. स्ट्रीगल यांचं म्हणणं असं होतं की कार आजारी असताना लीगच्या कार्यालयातून आपल्याला फोनवर होकार मिळाला होता. लेखी काही नाही. त्यामुळे त्या मुद्द्यावर मी पॉट्सव्हिलची वकिली करत नाही. इशारे मिळाल्यावर त्यांनी सामना सोडायला हवा होता. का सोडला नाही तेही उघड आहे. शाइब पार्कच्या तिकिटांचे पैसे मिनर्सव्हिल पार्कवर कधीच जमणार नव्हते, त्यात गावात संप. पण नियम मोडला तो मोडलाच. शिक्षा व्हायलाच हवी होती.

नियमाप्रमाणे, तुमचा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य नाही, आणि तो आकड्यांनीच खोडता येतो. मिलवॉकीचा सामना काढून टाका. शाळकरी पोरं उतरवलेला सामना काढलाच पाहिजे, यावर तर दुमत नसावं. कार यांनाही तो पचला नव्हता : फोल्झवर आजीवन बंदी, जी पुढे उठवली, कार्डिनल्सना १,००० डॉलर दंड, मिलवॉकीला ५०० डॉलर आणि त्यांच्या मालकाला संघ विकून टाकायचा हुकूम. मात्र ज्या सामन्यासाठी एवढ्या शिक्षा झाल्या तो ५९-० आजही अधिकृत नोंदीत विजय म्हणून उभा आहे. तो वगळला तर कार्डिनल्स होतात १०-२-१. बरोबरी हिशोबात नाही, म्हणजे १० विजय, २ पराभव. पॉट्सव्हिलही १० विजय, २ पराभव. ८३.३ आणि ८३.३, तंतोतंत सारखे. आणि सारखे असताना आमनेसामने कोण जिंकलं होतं?

माझं सगळं म्हणणं एवढ्यात आहे. दोन संघांनी एकाच आठवड्यात नियम मोडले. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत सामना खेळला, ज्याचा लीगच्या गुणतक्त्याशी काडीचा संबंध नव्हता. दुसऱ्याने, मालकाला पत्ता असो वा नसो, गुणतक्ताच बिघडवणारा सामना खेळला. पहिल्याचा हंगाम गेला, दुसऱ्याला दंड झाला. ही शिक्षा तराजूत घातली तर पारडं सरळ राहत नाही. शिकागोतला विजय फिलाडेल्फियातल्या सामन्याने खोटा होत नाही.

शिवाय लीगला स्वतःचा निर्णय किती दिवस टिकवावासा वाटला? १९२६मध्ये ग्रेंजला घेऊन त्याचे व्यवस्थापक सी. सी. पाइल यांनी वेगळी लीग काढली, तेव्हा पॉट्सव्हिल तिकडे जाईल या धास्तीने त्यांना सन्मानाने परत घेतलं. १९२६मध्येही संघ जोरात होता. नंतर उतरण लागली. संपाच्या काळात पूर्वेकडच्या शहरांनी घरं तापवायला तेल आणि दुसरी इंधनं धरली, ती गिऱ्हाइकं अँथ्रासाइटकडे पुरती परतली नाहीत. गावाचा पैसा आटला तसा संघही. १९२८ हा शेवटचा हंगाम, आठ पराभवांचा. १९२९ला संघ बोस्टनला गेला आणि एका वर्षात संपला.

जो झॅको, ते दुकानदार, पुढची कित्येक दशकं लीगला पत्रं लिहीत राहिले. १९६३मध्ये लीगने फेरविचार केला, निर्णय विरोधात, १२ विरुद्ध २. २००३मध्ये पेनसिल्व्हेनियाचे राज्यपाल एड रेंडेल यांनी जोर लावला, तेव्हाही मालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी विषय बंद केला. बाजूने फक्त पिट्सबर्ग स्टीलर्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स. मेधाताई, हे मला विशेष वाटतं : ज्या शहराच्या हद्दीवरून हे सगळं घडलं, त्या शहराच्या आजच्या संघाने पॉट्सव्हिलला मत दिलं.

फिनिक्सकर

मंडळी, खूप आभार. दादा, मिलवॉकीचा सामना वगळायचा हिशोब मुलाने स्वतः वहीवर करून पाहिला आणि बराच वेळ गप्प बसला. आता त्याला प्रकल्पात १९२५ लिहायचंच नाहीये. म्हणतो, "आपलं नाहीच ते." कार्डिनल्सचा चाहता म्हणून त्याला वाईट वाटलंय. काय सांगू त्याला? आणि या संघाचं काही बघायला मिळतं का कुठे?

बल्लारपूरकर

त्याला सांगा, नक्की लिही, आणि ख्रिस ओब्रायन यांच्याबद्दल लिही. १९२६च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटला मालकांची बैठक झाली, तेव्हा विजेतेपद कार्डिनल्सच्या पदरात पडत होतं. ओब्रायन यांनी ते घ्यायला नकार दिला. त्यांच्या माणसाने पोरं उतरवली होती, त्यांनी स्वतः जादा सामने लावले होते, हे सगळं खरंच. पण ज्याने आपल्याला हरवलं त्याच्या वरचं स्थान त्यांनी घेतलं नाही. पुढे बिडविल कुटुंबाने संघ विकत घेतला, त्यानंतर कार्डिनल्सनी १९२५वर हक्क सांगायला सुरुवात केली. आजही मालक तेच. म्हणजे कार्डिनल्सच्या इतिहासात १९२५चं पान आहेच, आणि त्यावर अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट आहे.

बघायचं म्हणाल तर कँटनला व्यावसायिक फुटबॉलचं हॉल ऑफ फेम हे संग्रहालय आहे. पॉट्सव्हिलच्या जुन्या खेळाडूंनी आपला चषक आपणच करून तिथे दिला : अँथ्रासाइटमधून कोरलेला फुटबॉल, विजेते म्हणून १९२५ साल घातलेला. कोळशातल्या माणसाला त्याची किंमत वेगळी कळते. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा हातात घेतला की बोटं काळी होतात आणि उघड्यावर पडून राहिला की त्याचा भुगा होतो. त्यातून काही कोरणं अशक्य. अँथ्रासाइटमध्ये कार्बन नव्वद टक्क्यांच्या आसपास, हाताला डाग लागत नाही, घासला की काळ्या आरशासारखा चकाकतो. पण ठिसूळ इतका, की छिन्नी जरा जोरात बसली तर काचेसारखा टवका उडतो. त्यातून गोल पोटाचा, टोकदार चेंडू काढायचा म्हणजे किती दिवस घासत बसावं लागलं असेल! पॉट्सव्हिलला याल तेव्हा मिनर्सव्हिल पार्क मात्र शोधू नका, तिथे आता दुकानं आहेत.

मुलाला खेळाडूंचं पुढे काय झालं तेही हवं असेल. बेरी बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये कॅचर झाला, मग वीस वर्षं तिथेच पंच. फुटबॉलमध्येही पंचगिरी केली. १९५८ला कोल्ट्स आणि जायंट्स यांचा जो गाजलेला अंतिम सामना झाला, त्यातल्या पंचांत तो होता. लटोन पॉट्सव्हिलच्या शेवटच्या हंगामापर्यंत संघात राहिला, संघाबरोबर बोस्टनला गेला आणि १९३०चा हंगाम प्रॉव्हिडन्सकडून खेळून थांबला. प्रकल्प झाला की इथे टाका, मला वाचायचाय.